तिंडी आयता?

आमच्या घरमालकीण अज्जी (कन्नडमध्ये आजीला 'अज्जी' म्हणतात, एवढं कन्नड मला पहिल्याच दिवशी आलं) सकाळी दारात रांगोळी काढून झाली की जिन्याच्या पायरीवर बसतात आणि खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "तिंडी आयता?" म्हणजे नाश्ता झाला का. दुपारी तोच प्रश्न "ऊट आयता?" होतो. ऊट म्हणजे जेवण. इथे राहायला आलो त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, ही बाई आपल्याला उंटाबद्दल काहीतरी विचारतेय, तेही आयत्या. मी मान हलवून "नो नो" म्हटलं, तर बिचाऱ्या तडक आत जाऊन वाडगाभर बिसिबेळे बात घेऊन आल्या. भाषा न येण्याचे असेही फायदे असतात :)

तर मंडळी, आजचा विकांताचा लेख खादाडीवर आहे. म्हणजे निघालाय तरी खादाडीवर. पुढे कुठे जाईल ते बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी पाचोऱ्याचा. मुंबईहून भुसावळकडे जाताना चाळीसगाव आणि जळगावच्या मधे लागतं ते. ज्यांना एवढ्यानेही कळत नाही त्यांना मी जामनेरच्या छोट्या गाडीचं गाव म्हणून सांगायचो. पीजे म्हणायचो आम्ही तिला, पाचोरा-जामनेर. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत छप्पन्न किलोमीटर डुलत डुलत जायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती नॅरोगेजवरून परत धावलीच नाही, त्यामुळे आता ती ओळखही जुनी झाली. आमचं शेत वरखेडीच्या बाजूला. कापूस, मका, विहिरीला पाणी असलं तर हरभरा. नाना (म्हणजे वडील) माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकायची नाही, चातुर्मासात कांदा-लसूण बंद. घरात मांस-मच्छी-अंडं हा विषयच नव्हता. पण म्हणून जेवण मिळमिळीत होतं असं कुणी समजू नये. खान्देशात शाकाहारी माणूस जेवढा तिखट खातो तेवढं मटण खाणाराही इतरत्र खात नसेल. शेवभाजीची लाल तर्री, भरलेली वांगी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कळण्याची भाकरी आणि हिवाळ्यात शेतात काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. असा माणूस २०२२ साली नोकरीसाठी बंगलोरला येऊन पडला. (बंगळुरू म्हणायला हवं, माहीत आहे. जीभ वळत नाही.)

पहिले चार महिने मराठहळ्ळीला पीजीत काढले. नावात तेवढं मराठी, बाकी कुठेच नाही. पीजीतल्या एकाच चमच्याने अंडाकरी आणि डाळ वाढली जायची. मी काही फार सोवळा नाही, पण चोवीस वर्षं ज्या घरात जेवलो त्या घराने घशात एक चाळणी बसवून दिलेली आहे, ती काढता येत नाही. चिप्स आणि केळी यांवर माणूस किती दिवस जगतो याचा प्रयोग मी केला. उत्तर: अकरा दिवस. बाराव्या दिवशी हापिसातला एक म्हैसूरकडचा सहकारी म्हणाला, "तू चुकीच्या बंगलोरमध्ये राहतोयस. बसवनगुडीकडे जा."

हापिसापासून दीड तास लांब घर घेणारा मी टीममधला एकमेव वेडा. आठवड्यातून दोनच दिवस जायचं असतं म्हणून जमलं. हनुमंतनगरात अज्जींच्या वरची खोली मिळाली. आणि पहिल्याच शनिवारी सकाळी साडेसहाला चालत शंकरपुरमला गेलो, तिथून माझा बंगलोरशी संसार सुरू झाला.

शंकरपुरमला ब्राह्मिन्स कॉफी बार म्हणून एक जागा आहे. जागा म्हणजे काय, एक काउंटर. १९६५ पासूनचं. मेनू कार्ड पाठ करायला दहा सेकंद लागतात: इडली, वडा, खारा बात, केसरी बात, कॉफी, चहा. झालं. सांबार मिळत नाही. चटणी मात्र पाहिजे तितकी. ताटली घ्यायची, चटणी ओतून घ्यायची आणि रस्त्यावर उभं राहून खायचं. बाजूला एखादे आजोबा, रात्रपाळी करून आलेला पोलीस, पळून आलेले घामाघूम लोक, सगळे माना खाली घालून गप्प खात असतात. आपल्याकडे एवढी शांतता फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये असते. ती इडली तोंडात गेल्यावर मला कळलं की आत्तापर्यंत मी इडली समजून जे खात होतो ते काहीतरी दुसरंच होतं.

मग सपाटाच लावला. संगणकवाल्या माणसाला कशाचीही यादी करायची खोड असते, मी एक्सेल शीट केली. (हसू नका. त्यात 'चटणी पुन्हा मागितल्यावर वाढणाऱ्याचा चेहरा' असाही एक कॉलम आहे.) गांधी बाजारचं विद्यार्थी भवन, चाळीसच्या दशकातलं, आजूबाजूच्या शाळा-कॉलेजांतल्या पोरांसाठी सुरू झालेलं म्हणून हे नाव. भिंतींवर कन्नड लेखकांची चित्रं आणि त्याखाली आपण बोटं चाटत बसलेले. वेटर एका हातावर डोशांच्या ताटल्यांचा असा काही मनोरा रचून आणतो की आपण डोसा विसरून त्याच्याकडेच बघत राहतो. शुक्रवारी बंद असतं, हे मी शुक्रवारी सुट्टी काढून जाऊन शिकलो.

लालबागेजवळचं एमटीआर म्हणजे तर संस्थानच. १९२४ साली उडुपीकडून आलेल्या मैय्या बंधूंनी 'ब्राह्मिन कॉफी क्लब' या नावाने सुरू केलं, १९६० मध्ये त्याचं मावळ्ळी टिफिन रूम्स झालं. त्यातले यज्ञनारायण मैय्या १९५१ साली युरोप बघून आले आणि आल्यावर स्वच्छतेच्या मागे लागले, अशी हकिकत आहे. दुसऱ्या महायुद्धात तांदळाचा तुटवडा पडला म्हणून त्यांनी रव्याची इडली करून पाहिली, आणि रवा इडली जन्माला आली असं एमटीआरवाले सांगतात. मला सगळ्यात आवडते ती आणीबाणीची गोष्ट. हॉटेलातल्या पदार्थांचे भाव सरकारने इतके खाली आणले की त्या दर्जाचं खाणं त्या भावात देणं परवडेना. आपण काय केलं असतं? सांबारात पाणी ओतलं असतं. यांनी पाणी ओतण्याऐवजी तयार पिठांची पाकिटं विकायला काढली. तो पाकिटांचा धंदा २००७ मध्ये एका नॉर्वेजियन कंपनीने विकत घेतला, हॉटेलं मात्र घराण्याकडेच राहिली. म्हणजे हापिसात ज्याला आपण प्रॉडक्ट कंपनी आणि सर्व्हिस कंपनी म्हणून डोकं खातो ते सगळं यांनी इडलीवर करून दाखवलंय.

आणि कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दर्शिनी! १९८३ मध्ये जयनगरला कॅफे दर्शिनी निघालं, त्यावरून हा प्रकारच दर्शिनी झाला. टोकन घ्या, उभ्याने खा, ताटली ठेवा, चला. सगळं स्वच्छ, स्वस्त, स्टीलचं. दारावर 'सस्याहारी' लिहिलेलं असतं. शाकाहारी नाही, सस्याहारी. सस्य म्हणजे पीक. मला तो शब्द फार आवडला. शाक म्हटलं की भाजीची जुडी दिसते, सस्य म्हटलं की उभं शेत दिसतं.

असो. आईला मी हे सगळं रोज सांगायचो.

आईचा फोन रोज रात्री साडेआठला यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "जेवला का रे?" दुसरा, "काय जेवला?" पीजीच्या दिवसांत मी खोटं सांगायचो. बसवनगुडीकडे आल्यावर खरं सांगायला लागलो आणि खरं सांगायला इतकं होतं की फोन अर्धा अर्धा तास चालायचा. तिला पदार्थांच्या चवीपेक्षा कृतीत रस. "डाळ भिजवता का भाजता?" "चटणीत डाळवं किती?" "मिरची हिरवी का लाल?" मला काही माहीत नसायचं. "तुला खाताच येतं नुसतं," म्हणायची. मल्लेश्वरमच्या सीटीआरचा बेण्णे मसाला डोसा मी पहिल्यांदा खाल्ला त्या दिवशी तर तिला फोटोच पाठवला. बेण्णे म्हणजे लोणी. वरून कुरकुरीत, आतून मऊ, तांबूस, त्यावर लोणी. तिने त्याचं नाव 'लोण्याचा डोसा' ठेवलं. "कापूस निघाला की नानांना घेऊन येते एकदा," म्हणाली, "ते उडुप्याचं बघू तरी." कापूस निघाला, मग मका निघाला, मग भाचीचं लग्न, मग नानांचा गुडघा. तुम्हाला माहीतच आहे हे कसं असतं.

२०२३ च्या पावसाळ्यातला एक शनिवार. मी सीटीआरच्या बाहेर रांगेत होतो. सातव्या क्रॉसवर शनिवारी सकाळी नाव सांगून ताटकळत उभं राहावं लागतं. फोन वाजला, आई. सकाळी ती कधी करत नाही. तेवढ्यात आतून आमचं नाव पुकारलं. बरोबर मित्र होते, टेबल गेलं असतं. मी मनात म्हटलं खाऊन करू. खाल्लं. मग मित्रांबरोबर कॉफी, मग कुणीतरी सिनेमाला चला म्हणालं, मग रात्री त्या विकांताचं रिलीज होतं त्याचा कॉल. साडेआठचा फोन त्या दिवशी आला नाही हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

रविवारी पहाटे काकाच्या मुलाचा फोन आला.

विमान, मग टॅक्सी करून संध्याकाळी पोचलो. सगळे माझ्यासाठी थांबले होते. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

त्यानंतर मी सीटीआरला गेलो नाही. एक्सेल शीटही उघडली नाही. गंमत म्हणजे बाकी सगळीकडे जात होतो. भूक लागते माणसाला. फक्त मल्लेश्वरमकडे पाय वळत नव्हते. मित्रांना सांगायचो, लांब पडतं. ग्रीन लाइनने नॅशनल कॉलेजहून संपिगे रोड, थेट मेट्रो आहे. लांब कसलं.

नाना तिकडे एकटे. दोन्ही वेळ खिचडी लावायचे. फोनवर मीच आता विचारायचो, "जेवले का?" "हौ." "काय?" "खिचडी." संपला फोन. वर्षश्राद्धाला गेलो तर त्यांचा सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता. शेत बटाईने दिलं आणि दिवाळी झाल्यावर त्यांना घेऊनच आलो. भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस. ती पुन्हा पाचोऱ्यावरूनच पुढे जाते, त्यामुळे आपलं गाव खिडकीतून मागे जाताना नानांना बघावं लागलं. स्टेशन गेल्यावर ते म्हणाले, "भुसावळले कशाले गयथूत मंग?" मी रिझर्व्हेशनचं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

पहिला आठवडा भयंकर गेला. कार्तिकी एकादशी व्हायची होती, म्हणजे चातुर्मास चालू, म्हणजे कांदा नाही, म्हणजे मसाला डोशातली बटाट्याची भाजी बाद. सांबारात गूळ. "बठ्ठं गोड शे आठे," हा पहिला निकाल. कॉफी कडू, हा दुसरा. "बाय टू" कॉफी म्हणजे एक कॉफी दोघांत, हे कळल्यावर मात्र चेहरा जरा उजळला. काटकसरीची एवढी सोय असलेलं शहर अगदीच वाईट नसणार.

तिसरी तक्रार गंभीर होती. उभ्याने खाणं. "उभ्यानं ढोरं खातस," असं म्हणून त्यांनी ब्राह्मिन्स कॉफी बारसमोर ताटली माझ्या हातात परत दिली. मी हवालदिल. सकाळचे सात, एवढं चालत आणलेलं. तेवढ्यात त्यांनीच इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ फुटपाथच्या कडेला जाऊन मांडी घातली. धोतर, टोपी, माळ. शेजारी एक लुंगीवाले आजोबा आधीच बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. मी चटणी आणायला गेलो आणि परत आलो तर दोघांचं बोलणं सुरू झालं होतं. ते कन्नडमध्ये, हे अहिराणीत. हातवाऱ्यांवरून विषय पावसाचा असावा. मधेच लुंगीवाल्या आजोबांनी माळेकडे बोट दाखवून "विठ्ठल?" विचारलं आणि नानांनी कपाळाला हात लावला. "पंढरपूर," नाना म्हणाले. "पुरंदर विठ्ठल," आजोबा म्हणाले. पुरंदरदासांची ती नाममुद्रा, हे मी नानांना नंतर सांगितलं. ते म्हणाले, त्यात काय, विठ्ठल कानडाच आहे. त्या दिवशी नानांनी चार इडल्या खाल्ल्या. मी मोजल्या. उत्साहात एक्सेल उघडून लिहूनही ठेवलं.

मग गाडी रुळावर आली. एक दिवस मी त्यांना उत्तर कर्नाटकी जेवणाच्या एका छोट्या जागेत नेलं. दारावरच्या पाटीवर 'खानावळी' असं लिहिलेलं. मी वाचून दाखवल्यावर नाना हसले. आत गेलो तर वाढप्याने समोर आणून ठेवली ज्वारीची भाकरी, त्यांच्या भाषेत जोळद रोट्टी. भरलेल्या वांग्याचं एण्णेगाई. शेंगा चटणी, नावसुद्धा तेच, शेंगा. कारळ्याची चटणी. कच्चा कांदा (एकादशी झाली होती). झुणका. नानांनी वांग्याचा देठ धरून उलटंसुलटं करून पाहिलं, मसाला बोटाने चाखला आणि म्हणाले, "हाई ते आपलंच वांगं शे." मग खाली मान घालून जेवायला लागले. तिसरी भाकरी मागताना त्यांनी नुसतं वाढप्याकडे पाहिलं. त्या माणसानेही काही न विचारता तव्यावरची गरम आणून टाकली, वर लोण्याचा गोळा. मी उगाच मोबाइलमध्ये बघत बसलो, कारण नानांचे डोळे पाण्याने भरले होते. तिखटाने असेल. ते तसंच म्हणाले.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीला कडलेकाई परिषे भरते, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. दोड्ड बसवण्णाचं देऊळ आहे तिथे, एकाच दगडात कोरलेला प्रचंड नंदी. दंतकथा अशी की इथे पूर्वी भुईमुगाची शेतं होती आणि एक बैल येऊन पीक खाऊन जायचा, म्हणून त्याचं देऊळ बांधलं आणि दरवर्षीची पहिली शेंग त्याला वाहायची ठरली. आसपासच्या जिल्ह्यांतून शेतकरी पोती घेऊन येतात, रस्ताभर शेंगांचे ढीग. ओल्या, सुक्या, भाजलेल्या, उकडलेल्या. आमच्याकडे पोळ्याला बैलांना पुरणपोळी, इथे बैलाला शेंगा. नानांना हे सगळं आतून कळलं. समजावून सांगावंच लागलं नाही. ते प्रत्येक ढिगापाशी थांबून एक शेंग फोडून बघत होते. "दाणा चांगला शे, माती लाल म्हनीसन." एका बाईशी त्यांनी भाव केला. गंमत म्हणजे वाढवून दिला. पीक आणणाऱ्याशी घासाघीस करत नाहीत म्हणे. बाजार समितीत आयुष्यभर ज्याच्याशी घासाघीस झाली तो माणूस.

त्या रात्री उकडलेल्या शेंगा खाताखाता ते म्हणाले, "तो लोण्याचा डोसा कोठे भेटस?"

मी म्हटलं, लांब आहे. "किती लांब?" मी गप्प. "मेट्रो जास का?" जाते, म्हटलं.

शनिवारी गेलो. मेट्रो जमिनीखाली शिरली तेव्हा नानांनी वरच्या दांड्याला घट्ट धरलं. सातव्या क्रॉसवर तीच गर्दी, तोच पुकारा. मी मुद्दाम पलीकडच्या बाजूला उभा राहिलो, मागच्या वेळी जिथे होतो तिथे नाही. पाऊण तासाने आत जागा मिळाली. डोसा आला. नानांनी आधी बोटाने लोणी चाखलं, मग एक तुकडा, मग काही न बोलता अर्धा डोसा. मी काही खाल्लं नव्हतं. मला एकदम बोलावंसं वाटलं आणि मी बोललो. तो फोन. रांग. टेबल जाईल म्हणून उचलला नाही. वर्षभर हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते तीन अनोळखी माणसं ज्या टेबलाला चिकटून बसली होती तिथे.

नानांनी घास संपवला. "माले माहीत शे," म्हणाले. "मी तठेच व्हतू." मग बराच वेळ चटणीत तुकडा फिरवत राहिले. "तिनी तांदूळ-उडीद वाटेल व्हतं रातले. लोन्याचा डोसा करनार व्हती माले. तुले इचारनार व्हती, लोनी तवावर टाकतस का वरथीन."

"एवढंच?"

"एवढंच. मंग तिनी वरथीन टाकं. चांगला झायता." आणि त्यांनी पुढचा तुकडा तोंडात टाकला.

मला त्याचं उत्तर तेव्हाही माहीत नव्हतं आणि शंभर वेळा खाऊन आत्ताही नव्हतं. वेटर जवळून चालला होता, त्याला थांबवलं. माझ्या अर्ध्यामुर्ध्या कन्नडमध्ये विचारायला गेलो, बेण्णे, तवा, मेले, केळगे. घसा नीट चालत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, "आयतु, आयतु" म्हणाला, आणि आतून वाटीभर लोणी आणून टेबलावर ठेवलं. नानांना इतकं हसू आलं की ठसका लागला. शेजारच्या अनोळखी माणसाने पाणी पुढे केलं.

मी माझा डोसा खाल्ला. थंड झाला होता.

नाना पाच आठवडे राहिले. मला वाटत होतं कायमचेच राहतील. तसं सुचवूनही पाहिलं. इथे देऊळ आहे, जत्रा आहे, अज्जी आहेत, मेट्रोत बसायला मिळतं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बटाईवाल्याने हरभऱ्याला पाणी वेळेवर दिलं नाही अशी बातमी फोनवर आली. (कुणी दिली कुणास ठाऊक. मला तो कट वाटतो.) झालं, तिकीट काढा. जाताना पिशवीत शेंगा चटणीची पुडी, एमटीआरचं रवा इडलीचं पाकीट, आणि अज्जींनी दिलेला लोणच्याचा डबा. अज्जींनी निघताना विचारलं, "ऊट आयता?" नानांनी ऐटीत उत्तर दिलं, "आयतु." पाच आठवड्यांत एवढंच कन्नड शिकले, पण मला पहिल्या आठवड्यात जे जमलं नाही ते त्यांना जमलं.

आता तिकडून खिचडी कमी झाल्याचं कळतं. रवा इडलीचं पाकीट त्यांनी एकदा करून पाहिलं, त्यात मिरचीचा ठेचा कालवला. काय झालं ते मी विचारलं नाही. एरवी सकाळी फिरत फिरत स्टेशनपर्यंत जातात, पोहे खातात, वर्तमानपत्र वाचतात. मला त्यांनी पोह्यांचा रेट सांगितला, त्यावर शेव किती टाकतात तेही सांगितलं, आणि उभ्याने खावे लागतात अशी तक्रार केली नाही, यावरून काय समजायचं ते मी समजलो.

फोन आता शनिवारी सकाळी येतो. साडेसातला. रांगेत असलो तरी उचलतो, नाव पुकारलं तर पुकारू दे, पुढच्या नंबरला जाऊ. आजही आला.

"आज कोठे रे?"

"विद्यार्थी भवन."

"गर्दी शे?"

"आहे. अर्धा तास तरी लागेल."

"लागू दे," म्हणाले. मग चटणीत आज काय वेगळं आहे ते विचारलं. मी म्हटलं अजून आत गेलो नाही. तर म्हणे, मग गेल्यावर सांग, मी थांबतो. आणि खरंच फोन चालू ठेवून थांबले. मागून पाचोरा स्टेशनची अनाउन्समेंट ऐकू येत होती, कुठलीशी गाडी वीस मिनिटं लेट.